पाव्हण्याची शुगर

आमच्या पाव्हण्याला शुगर झालीय हे सगळ्यात आधी मुंग्यांना कळलं, मग डॉक्टरांना, मग गल्लीला आणि शेवटी मला. आमच्या घरातली कुठलीही बातमी साधारण याच क्रमानं माझ्यापर्यंत येते.

वरच्या मजल्यासाठी आणलेला वाळूचा ढीग आमच्या दारात पडून आहे. मजला कधी चढणार ते आंबाबाईलाच ठाऊक, पण पाव्हण्यानं त्या ढिगाचा उपयोग पहिल्याच दिवशी शोधून काढला होता. आषाढातल्या एका उघडिपीच्या सकाळी आई पायरीवर बसून म्हणाली, "वाळूला मुंग्या लागल्यात."

"वाळूला कशाला लागतील? साखर आहे का ती?"

"तेच तर म्हणतो मी. पाव्हणा जिथं बसून उठतो, नेमक्या तिथंच लागल्यात."

आईचं शिक्षण चौथी. मूत्राकडं मुंग्यांनी धाव घेणं हे चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत नोंदवलेलं आहे. आईनं पायरीवरून न उठता चरकाला गाठलं होतं आणि मी, पदवीधर माणूस, मुंग्यांचा खडू आणायला दुकानाकडं निघालो होतो.

पाव्हणा म्हणजे आमचा बोका. काही वर्षांपूर्वी धो धो पावसात रात्रीपुरता आसऱ्याला आला. कोल्हापूरकडं पाव्हण्याला 'कधी निघणार' असं विचारायची पद्धत नाही, त्यामुळं विषय तिथंच राहिला. पुढं त्याचं ऑपरेशन झालं, रात्रीच्या मारामाऱ्या थांबल्या आणि त्यानं उरलेलं आयुष्य बसणे, बघणे व खाणे या तीन कामांना वाहिलं. बघता बघता त्याचं वजन साडेसहा किलोवर गेलं. आल्यागेल्यानं "काय तब्येत हाय!" म्हटलं की आम्ही सगळे, जणू आमचाच पैलवान मैदान मारून आलाय अशा थाटात, छाती काढायचो.

तोच पाव्हणा आता बादलीत तोंड घालून पाणी पीत होता. दिवसभर खात होता आणि तरी वाळत होता. त्यात मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालायला लागला. नवी कोल्हापुरी चप्पल चावली की माणूस दोन दिवस जसा चालतो, अगदी तसा. घरात ताबडतोब तीन निदानं झाली. बायको म्हणाली जंत. आई म्हणाली दृष्ट. शेजारच्या काकी म्हणाल्या, "कुणाच्या तरी नादाला लागलाय." ऑपरेशनची आठवण करून दिल्यावर काकी म्हणाल्या, "मनाचं काय ऑपरेशन केलतं व्हय?"

बोक्याला दवाखान्यात न्यायचं तर न्यायचं कशात? टोमॅटोचा एक क्रेट, त्यावर दुसरा पालथा, भोवती सुतळी. आतून येणारा आवाज ऐकून रिक्षावाले मामा म्हणाले, "किती किलोचा कोंबडा?"

"बोका आहे. दवाखान्यात नेतोय."

मामांनी रिक्षा बाजूला घेतली, पूर्ण मागं वळून आधी क्रेटकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. "लई दिवस झालं बघा," ते म्हणाले, "मी माझं बीपी दाखवीन म्हणतोय." आणि पुढचा सगळा रस्ता ते गप्प राहिले.

आधी ज्या डॉक्टरांकडं गेलो त्यांची उभी हयात गाईम्हशींत गेलेली. पंचक्रोशीतल्या म्हशी त्यांना चेहऱ्यानं ओळखतात. त्यांनी सवयीनं विचारलं, "दूध किती?" मी म्हटलं, "पितो अर्धा लिटर." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पाव्हण्याला नीट बघितलं आणि मोठ्या मनानं शहरातल्या एका मांजराकुत्र्यांच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं.

तिथं पाव्हण्याची साखर चारशेच्या वर निघाली. पण डॉक्टर म्हणाल्या, एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. मांजर घाबरलं की साखर चढते, नुसत्या दवाखान्याच्या वासानं धडधाकट मांजराचीही भलतीकडं जाते. म्हणून फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी करायची, ती मागच्या काही आठवड्यांची हकीकत सांगते. ती हकीकतही वाईट निघाली. मग डॉक्टरांनी कारणं सांगायला घेतली. मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप टूच्या जातीचा असतो. साधारण मध्यम वय उलटलेला नर, वजन जास्त, हालचाल नाही, घरात बसून राहणं, सतत काहीतरी तोंडात टाकणं, नसबंदी झालेली. बायको प्रत्येक मुद्द्याला माझ्याकडं बघत होती. शेवटच्या मुद्द्याला मी तिच्याकडं बघितलं.

"पण एक चांगली गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मांजराची शुगर जाऊ शकते. लवकर इन्सुलिन सुरू केलं, पिठूळ खाणं बंद केलं, वजन हळूहळू उतरवलं, तर स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं. चार आठवडे इन्सुलिनशिवाय साखर नीट राहिली की रेमिशन म्हणायचं."

पोरगी सायन्सला आहे. तिनं घरी पोचेपर्यंत मोबाइलवरून पुरावे गोळा केले. कर्स्टिन रूम्प आणि जॅकी रँड या दोघींनी 2009 साली छापलेला अभ्यास, 55 मांजरं, ग्लार्जिन इन्सुलिन आणि मालकांनी घरीच तपासलेली साखर. निदान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत काटेकोर उपचार सुरू झाले त्यांतली 84 टक्के मांजरं इन्सुलिनवरून उतरली, उशीर केलेल्यांतली 35 टक्के. तिनं हे सोप्यात उभं राहून वाचून दाखवलं. आई कान देऊन ऐकत होती. आईची शुगर बोक्यापेक्षा वयानं मोठी आहे.

"म्हंजे मांजराची जाती?"

"जाऊ शकते आजी."

"आणि मी काय पाप केलतं?"

पोरगीनं सांगितलं की माणसाचीही जाऊ शकते. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा प्रयोग झाला, 2017 साली निकाल आला, वजन उतरवणाऱ्या गटातल्या 46 टक्के लोकांची शुगर वर्षभरात आटोक्यात आली, तीही गोळ्या बंद करून. फक्त सुरुवातीचे तीन ते पाच महिने जेवण बंद, नुसती पेयं.

"पेय म्हंजे चहा न्हवं?"

"चहा नाही आजी."

"मग ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "आधी पाव्हण्याचं बघा."

औषधाच्या दुकानात गर्दी होती. मी हळू आवाजात इन्सुलिन मागितलं.

"कुणाला?"

"पाव्हण्याला."

"वय?"

"नऊ."

"आईगं. वजन?"

"सहा."

दुकानदाराचा हात कपाटावरच थांबला. काउंटरवरच्या बायका चुकचुकल्या. एका आजींनी डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "पोरगं चालतंय का न्हाई?"

"चालतो, पण टाचा टेकवून. भिंतीवर उडी मारायचं बंद झालंय."

यानंतर 'बोका' हा शब्द सांगणं माझ्या जिवावर आलं होतं, पण सांगावा लागला. दुकानातली सगळी सहानुभूती एका क्षणात माझ्याकडं वळली. दुकानदार मात्र पक्का माणूस. त्यानं बजावून सांगितलं की आपल्याकडं लाल टोपणाची सिरिंज 40 च्या इन्सुलिनची आणि केशरी टोपणाची 100 च्या. ग्लार्जिन 100 चं असतं, तेव्हा केशरीच वापरायची. उलटापालट केली तर एकाचं अडीच होतं, नाहीतर अडीचाचं एक. "आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. दारात ठेवा." आमच्या फ्रीजच्या दारात तेव्हापासून आईचं इन्सुलिन, पाव्हण्याचं इन्सुलिन आणि काकवीची बाटली एका रांगेत उभी आहेत.

पोरगीला इतिहास सांगायचीही खोड आहे. टोरंटोत 1921 साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन काढलं, 1922 च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा दिलं, वगैरे. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "राबायचं कुत्र्यानं आणि घ्यायचं बोक्यानं. आमच्या भावकीत असंच चालतंय."

इंजेक्शन दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, एकेक युनिट. ते द्यायचा मान घरानं एकमतानं मला दिला. मला सुई बघून घेरी येते हे सगळ्यांना माहीत आहे, पण घरात एक पुरुषमाणूस असला की काही कामं त्याच्यासाठी राखून ठेवतात. पाव्हणा खात असताना मानेमागची कातडी चिमटीत धरायची, तंबू करायचा आणि सुई सारायची. पाव्हण्याला पत्ताही लागला नाही. मीच डोळे मिटले होते. उघडले तेव्हा सुई तंबूच्या या दारातून आत जाऊन त्या दारातून बाहेर आली होती आणि इन्सुलिन पाव्हण्याच्या केसांना मिळालं होतं.

"आता पुन्हा देऊ?"

"बाबा, नाही! गेलं की नाही हे नक्की नसेल तर पुन्हा द्यायचं नसतं."

त्या दिवशी केसांची साखर उत्तम राहिली.

वेळेचा प्रश्न आईनं सोडवला. आमचं गाव गडमुडशिंगी, म्हणजे एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ. संध्याकाळचं विमान डोक्यावरून गेलं की आई ओरडायची, "विमान आलं, सुई द्या!" दोनचार दिवस ठीक चाललं. मग एकदा विमान दीड तास उशिरा आलं आणि आई घड्याळ मानायला तयार होईना. "विमानात शंभर माणसं बसल्यात. ती काय खुळी हायत?" शेवटी पोरगीनं मोबाइलला गजर लावला. त्यात विमानाचाच आवाज भरला, म्हणून आईनं तो मान्य केला.

साखर तपासणं हा इंजेक्शनच्या वरचा प्रकार. मांजराच्या कानाच्या कडेला बारीक शीर असते. कान उबदार कपड्यानं शेकायचा, कडेला टोचायचं, थेंब आला की पट्टी लावायची. सांगायला एवढंच. थेंब येतो, पट्टी जवळ जाते आणि नेमक्या त्या क्षणी पाव्हणा मान झटकतो. आमच्या सोप्याच्या भिंतीवर बारीक लाल ठिपके आहेत. घरी आलेल्या एका सोयऱ्यांनी ते बराच वेळ न्याहाळून "घरात सगळं बरं हाय न्हवं?" असं मला बाजूला घेऊन विचारलं होतं.

मशीन आईचंच. माणसाचं मशीन मांजराची साखर थोडी कमी दाखवतं, पण एकच मशीन ठेवलं तर चढउतार कळतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एक वही केली. डावीकडं 'आई', उजवीकडं 'पाव्हणा'. यात वाईट हेतू नव्हता. पण आठवडाभरात वही म्हणजे निवडणुकीचा फळा झाला. सकाळी पेपर टाकणारा पोरगासुद्धा विचारायचा, "आज कोण पुढं?" पुढं नेहमी आईच असायची. पाव्हणा तीनशेवरून अडीचशेवर आला त्या दिवशी आईनं वहीला हात लावायचं सोडलं.

खाण्याचा मामला सगळ्यात अवघड. मांजर हा पक्का मांसाहारी जीव. त्याच्या यकृताला पिठाचा, साखरेचा लोंढा पेलत नाही. म्हणून कोरडे दाणे बंद, भाकरी बंद, दूधभात बंद आणि दूधही बंद. आता ज्या जिल्ह्यात माणसं गंगावेशीत कट्ट्यावर उभी राहून समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पितात, ज्या गावात गोकुळचा पशुखाद्य कारखाना आहे आणि जनावरानं काय खावं यावर प्रत्येकाला मत आहे, तिथं मांजराचं दूध बंद केलं हे सांगणार कुणाला? मी सांगितलं. शेजारचे तात्या माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "दूध न्हाई तर मग मांजर कशाला म्हणायचं?"

दूध गेलं, आता राहिलं उकडलेलं चिकन, अंडं आणि डब्यातलं ओलं खाणं. डबा हवाच, कारण मांजराला टॉरिन लागतं आणि ते नुसत्या घरच्या चिकनवर सोडून चालत नाही. तांबडा रस्सा नको, पांढरा तर नकोच. कांदा-लसूण मांजराला विषासमान. म्हणजे कोल्हापुरात राहून मीठमसाला न घातलेलं चिकन शिजवायचं. बायकोनं पहिल्यांदा ते शिजवलं तेव्हा झाकण उघडून ती बराच वेळ गप्प बसली. "माझ्या माहेरच्यांना कळलं," ती म्हणाली, "तर मला परत न्यायला येतील."

आणि मग श्रावण लागला.

आमच्या घरात श्रावण कडक. मशेरी लावणारी जीभसुद्धा त्या महिन्यात हरिनाम घेते. पाव्हण्याला मात्र डॉक्टरी हुकमानं रोज चिकन. आईनं तोडगा काढला. मागच्या अंगणात तीन विटांची चूल, वेगळं पातेलं, वेगळा चमचा आणि शिजवायला मी, कारण माझ्या सोवळ्याचा घरात कुणालाच फारसा भरवसा नव्हता. श्रावणी सोमवारी उपास धरून, साबुदाण्याची ढेकर देत, मी बोक्यासाठी चिकन उकडत उभा असायचो. भिंतीपलीकडून काकींचा आवाज यायचा, "शिजलं का ओ?" त्या एवढंच विचारायच्या, पण दिवसातून फार वेळा.

काकींनीच उपासाचाही सल्ला दिला. "साखर हाय न्हवं? मग संकष्टी धरा की त्याला." जाड मांजराला उपाशी ठेवलं तर चरबी यकृतात जाऊन बसते आणि ते जिवावर बेतू शकतं, वजन हळूहळूच उतरवायचं असतं, हे मी त्यांना समजावलं. काकी म्हणाल्या, "म्हंजे आमचं आण्णा म्हणत्यात तेच. उपास धरला की यांचं यकृत बिघडतंय." काकींच्या आण्णांनी माझे शब्द त्या दिवसापासून वेदवाक्य मानले.

महाराष्ट्रात जेवणाचे दोन पंथ आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा पंथ दिवसातून दोनदाच आणि तेही पंचावन्न मिनिटांत जेवतो, ऋजुता दिवेकरांचा दर दोन तासांनी थोडं थोडं खातो. आमच्या गल्लीत दोन्ही पंथ एकाच घरात सुखानं नांदतात. म्हणजे लोक दीक्षितांचं म्हणून दोनदा पोटभर जेवतात आणि मधल्या वेळात दिवेकरांचं म्हणून दर दोन तासांनी खातात. पाव्हणाही याच संयुक्त पंथाचा निघाला.

ते उघडकीला आलं वहीमुळं. साखर खाली येता येता दर गुरुवारी उसळी मारायची. इन्सुलिन तेच, चिकन तेच, मग गुरुवारी काय होतं? पोरगीनं पाळत ठेवली. संध्याकाळी ती रिकाम्या हातानं, पण लाल चेहऱ्यानं परत आली.

"बाबा, पाव्हण्याची अजून तीन घरं आहेत."

आमचा पाव्हणा तात्यांकडं 'वाघ्या' होता आणि दूधभाकरी खायचा. पलीकडच्या गल्लीत 'सोन्या' होता आणि चहात बुडवलेली खारी खायचा. कोपऱ्यावरच्या दत्तभक्त आक्कांकडं त्याला नाव नव्हतं, नुसतं 'महाराज' म्हणायचे, आणि दर गुरुवारी आरतीनंतर पेढ्याचा नैवेद्य दाखवायचे. चारही घरांना तो आपलाच वाटत होता आणि चारही घरं तो हल्ली वाळलाय म्हणून जास्त घालत होती.

मी आक्कांना म्हटलं, "आक्का, मांजराला गोड कळतच नाही. त्याच्या जिभेला गोडाची चव घेणारं जनुकच मोडलेलं असतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या लोकांनी 2005 साली शोधून काढलंय."

"मग पेढा का खातंय?"

"खव्यासाठी. स्निग्ध असतो ना."

"म्हंजे गोड कळत न्हाई आणि शुगर मात्र होती?" आक्कांनी पाव्हण्याला जवळ ओढलं. "लेकरा, काय रं तुझं नशीब!" आणि त्या उमाळ्यात आणखी एक पेढा दिला.

मग मी पाव्हण्याच्या गळ्यात पाटी अडकवली, 'मला शुगर आहे. काही खायला देऊ नये.' दुसऱ्या दिवशी पाटीच्या मागच्या बाजूला कुणीतरी लिहून पाठवलं होतं, 'फक्त भाकरीचा तुकडा दिला. गैरसमज नसावा.' तिसऱ्या दिवशी त्याखाली, 'आमच्या मामांना कारल्याचा रस लागू पडला.'

शेवटी गल्लीची बैठक लावली. ज्या कोल्हापुरानं आंदोलन करून टोल घालवला, ज्यानं हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी पिढीजात लढा देऊन 2025 च्या ऑगस्टमध्ये ते सुरू करून घेतलं, त्या जिल्ह्यात कुठलीही गोष्ट कृती समितीशिवाय होत नाही. मी म्हटलं होतं चार घरांशी बोलू. आली तीसेक माणसं. पाव्हणा बचाव सर्वपक्षीय कृती समिती जागेवर स्थापन झाली. अध्यक्ष तात्या, म्हणजे मुख्य आरोपीच. एका तरुणानं सवाल केला, "आंदोलन कुणाविरुद्ध?" बराच वेळ उत्तर सापडेना, तेव्हा "तूर्त शासनाविरुद्ध" असं ठरलं. ठराव झाला की चारही घरांनी खायला देणं बंद करावं आणि फार वाटलं तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग द्यावा. मग चहा आणि खारी आली. खारी खाताना सगळ्यांना पाव्हण्याची आठवण आली आणि वातावरण जड झालं.

पण समितीनं काम केलं, हे मान्य केलं पाहिजे. वजन दर आठवड्याला किराणा दुकानातल्या काट्यावर व्हायचं. एका पारड्यात पिशवीतला पाव्हणा, दुसऱ्यात वजनं, आणि वजनं कमी पडली की गुळाचे छोटे रवे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्यानं मधुमेही बोका तोलल्याची नोंद कुठं नसावी. साखर दोनशेच्या खाली आली. टाचा वर उचलल्या गेल्या. दसऱ्याला पाव्हणा पुन्हा भिंतीवर चढला आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

दिवाळीच्या तोंडावर एका रात्री मात्र तो उठायलाच तयार होईना. पाय लटपटत होते, नजर भलतीकडं. पोरगीनं टोचलं. मशीननं आकडा दाखवला तो पन्नासच्याही खाली. "साखर उतरलीय! काहीतरी गोड, लवकर!" घरात धावपळ उडाली. करंज्या, लाडू, चिरोटे, सगळं होतं, पण मांजराच्या हिरडीला चिरोटा चोळणार कसा? आईनं फ्रीजचं दार उघडलं, काकवीची बाटली काढली, बोट बुडवलं आणि पाव्हण्याच्या हिरडीवर फिरवलं. मी तोवर डॉक्टरांना फोन लावला होता. फोनवर त्या म्हणाल्या, "हेच करायचं असतं. शुद्धीवर आला की खायला द्या आणि उद्या सकाळचं इन्सुलिन देऊ नका, मला आकडा कळवा." हळूहळू पाव्हण्यानं मान उचलली, मिशा चाटल्या आणि आम्ही सगळे इतके घाबरे का झालोय ते पाहू लागला.

डॉक्टरांच्या मते ही चांगली खूण होती. त्याचं स्वतःचं इन्सुलिन पुन्हा सुरू झालं असणार, आता डोस उतरवायचा. गल्लीच्या मते निकाल वेगळा होता. सकाळी तात्या दारात हजर, हातात काकवीचा डबा. "बघा! म्हटलं नव्हतं? गुळानंच वाचलं. औषधांनी मारलंच होतं." दुपारपर्यंत गावात बातमी गेली होती की शुगरवर काकवी उतारा आहे आणि त्याला पुरावा म्हणून एक जिवंत बोका आहे. काकींच्या आण्णांनी त्या संध्याकाळी काकवी-भाकरी खाल्ली, दोनदा. मी घरोघर जाऊन सांगत फिरलो की हे इन्सुलिन जास्त झालेल्याला, साखर पडलेल्याला आहे, चढलेल्याला नव्हे. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "व्हय, पण गुळात लोह असतंय."

डोस अर्ध्यावर आला, मग एक वेळचा झाला, मग बंद. बंद झाल्यापासून चार आठवडे मोजायचे होते. ते चार आठवडे सगळी गल्ली भुईमुगाच्या शेंगा सोलण्याच्या बहाण्यानं आमच्या सोप्यात बसून होती. रोज आकडा नव्वद, एकशे दहा, पंच्याण्णव. उजव्या रकान्यात तोच पाठ चालू. डाव्या रकान्याचं पान आईनं फाडून त्यात हळद बांधून ठेवली होती. मग गल्लीतली माणसं "बोक्याचं झालं की माझंबी बघ गं" म्हणून पोरगीपुढं बोट करू लागली. काकींच्या आण्णांचे दोनशे ऐंशी निघाले, तात्यांचे दोनशे चाळीस. आकडा सांगितला की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, "आणि पाव्हण्याचं?" आणि ऐकून चेहरा पाडायचा. रिक्षावाले मामाही एकदा आले होते. त्यांना बीपी मोजून हवं होतं. ते मशीन आमच्याकडं नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात डॉक्टरांनी रेमिशन जाहीर केलं. सोबत बजावलंही, की हे कायमचं समजू नका. झुरिचच्या 2010 सालच्या अभ्यासात 90 पैकी 45 मांजरं इन्सुलिनवरून उतरली होती आणि त्यांतल्या 13 जणांची शुगर पुन्हा आली. वजन वाढू द्यायचं नाही, दात बघायचे, स्टिरॉइड टाळायचं, आठवड्याला साखर तपासायची. "आणि लाड," डॉक्टर म्हणाल्या, "लाड कमी."

लाड कमी करण्याचा निर्णय साजरा करायला समितीनं जेवण ठेवलं.

चौकात फ्लेक्स लागला. 'शुगरमुक्तीबद्दल पाव्हण्याचं हार्दिक अभिनंदन.' मधोमध पाव्हणा, गळ्यात हार, डोळ्यांवर काळा गॉगल. भोवती चोवीस शुभेच्छुकांचे फोटो, त्यांत वाघ्याचे मालक, सोन्याचे मालक आणि महाराजांच्या आक्का. उपचार करणाऱ्याचा, म्हणजे माझा, फोटो जागेअभावी राहिला. तात्या म्हणाले, "तुमचं नाव घ्यायचं होतं, पण छपाईवाल्यानं अक्षर बारीक सांगितलं." तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, वर बासुंदी. भाषणं झाली. एका वक्त्यानं बोक्याचा आदर्श तरुणांनी घ्यावा असं आवाहन केलं. टेबलांखालून सत्कारमूर्ती कधी दिसत होता, कधी नव्हता, आणि प्रत्येक टेबलाशी कुणीतरी खाली वाकून "एकच, एकच" असं पुटपुटत होतं. पोरगी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावत होती. मी आण्णांना बासुंदीची तिसरी वाटी घेण्यापासून अडवत होतो, तेव्हा ते म्हणाले, "आज नको आडवू. आज पाव्हण्याचा दिवस हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव्हणा पुन्हा बादलीपाशी बसलेला दिसला. नुसता बसला होता की पीत होता, यावर घरात दोन मतं पडली. वाद वाढण्याआधी आकडा बघावा म्हणून मी पोरगीला हाक मारली. ती सगळी कपाटं, देव्हारा, तांदळाचा डबा धुंडाळत होती.

"मशीन कुठाय?"

"सापडत नाही. पट्ट्यासुद्धा नाहीत."

बायकोनं आईच्या खोलीकडं बोट दाखवलं. दार आतून बंद होतं. मी टकटक केली.

"आई, मशीन दे. पाव्हण्याची साखर बघायचीय."

"देतो की," आतून आवाज आला. "आधी शपथ घाल, माझी बघणार न्हाईस म्हणून."